वडिलांची चित्रं सांभाळताना

ताई, तुझ्या वडिलांनी काढलेली चित्रं कशी जपायची असं विचारलंस, तर सगळ्यात आधी एक विनंती. लॅमिनेशन करू नकोस. चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि त्या उष्णतेने रंगही बिघडू शकतात. माझ्या बाबांची दोन चित्रं मी अशीच घालवली. आजही जीव हळहळतो.

माझ्या बाबांनी चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षाही दिली नव्हती. कामावरून आले की चहाच्या बशीत पोस्टर कलर कालवून बसायचे. कागद मिळेल तो. एक बैलजोडी तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे. त्यातल्या डाव्या बैलाचं शिंग त्यांनी तीनदा खोडलंय, खोडरबराने कागद तिथे पातळ झालाय. उजेडासमोर धरलं की ती जागा चमकते. अशा खुणा 'साफ' करायला कुणाला देऊ नकोस, त्यांचा हात तिथेच सापडतो.

सेलोटेपही लावू नकोस, पिवळे डाग पडतात. दर दोन चित्रांमध्ये अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला कागद घाल, वर्तमानपत्र नको. पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी सगळं उघडून कसर लागली नाही ना ते बघ. फ्रेम करणार असशील तर मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, काच रंगाला टेकता कामा नये. आणि थेट उन्हाची भिंत टाळ.

फोटो खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात काढ, फ्लॅश बंद. पाठीमागची बाजूही काढ. माझ्या बाबांनी तिथे किराण्याचा हिशेब लिहिलेला असायचा.

आणि तुझी आई आहे तोवर तिला एकेक चित्र दाखवून विचार, हे कधीचं, कुठलं. ती सांगेल ते वहीत उतरव. हे काम मात्र याच रविवारी कर.