जरचा भाग खोटा, तरी विधान खरं कसं?

प्रश्न: सर, मी बारावी सायन्सला आहे. गणितातला तर्कशास्त्राचा धडा चालू आहे, 'आणि', 'किंवा' समजलं पण जर-तरच्या टेबलात (दोन्ही भागांच्या खऱ्या-खोट्यावरून अख्खं विधान खरं की खोटं ते ओळीओळीने दाखवणारा तक्ता) जरचा भाग खोटा असला की पुढे काहीही असो, अख्खं विधान खरं धरतात ते पटत नाही. क्लासमध्ये म्हणाले पाठ करून टाका. असं का? – एक वाचक, सातारा

उत्तर: पाठ नको करूस, खरंच समजण्यासारखं आहे. हे विधान घे, 'जर संख्येला 4 ने भाग जात असेल तर ती सम असते'. कुठल्याही पूर्ण संख्येसाठी खरं आहे ना? आता संख्या टाकून बघ. 8 टाकली, दोन्ही भाग खरे. 6 टाकली तर 4 ने भाग जात नाही म्हणजे पहिला खोटा, पण सम आहे म्हणून दुसरा खरा, आणि 7 टाकली तर दोन्ही खोटे. विधान सगळ्या संख्यांसाठी खरं म्हटलंय म्हटल्यावर 6 आणि 7 ला पण ते खरंच राहिलं पाहिजे, तुला खटकणाऱ्या दोन ओळी त्या ह्याच. उरली एक ओळ, पहिला खरा दुसरा खोटा, तशी संख्या शोधून सापडणार नाही आणि सापडली असती तर विधान तिथंच पडलं असतं.

खटकतं कारण बोलताना आपण जर-तर मध्ये कारण शोधतो, यामुळे ते झालं असं. टेबल कारण बघतच नाही, फक्त खरं-खोटं बघतं. हा वाद लई जुना आहे बरं, ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास ग्रीसमध्ये फिलो नावाच्या तत्त्वज्ञाने नेमकी हीच व्याख्या मांडली आणि त्याचे गुरू डायोडोरस यांना ती मान्य नव्हती, तेव्हाच्या एका कवीने तर लिहिलंय की छपरावरचे कावळेसुद्धा याच्यावरच काव काव करतायत!

एवढं कळलं की नकार आपोआप येतो, आणि पेपरात मुलं मार्क घालवतात ते इथंच. 'पाऊस पडला तर मॅच रद्द होईल' याचा नकार 'पाऊस पडला तर मॅच रद्द होणार नाही' असा लिहितात, तो चूक. विधान खोटं पडायची एकच ओळ आहे ना, मग तीच लिहायची: पाऊस पडला आणि मॅच रद्द झाली नाही. नकारात जर-तर राहतच नाही, 'आणि' येतं.

व्यत्यास, म्हणजे जर आणि तरचे भाग अदलाबदल केलेलं विधान, मात्र वेगळा, 'सम असेल तर 4 ने भाग जातो' हे 6 ला लगेच पडतं.