सासऱ्यांनी माझं प्लास्टर बघून 'सगळं उपटून काढा' म्हटलं. घरची कामं शिकणं सोडून देऊ का?

सोडू नका. वाईट वाटणारच, पण सासरे भिंतीबद्दल बोलले की तुमच्याबद्दल, ते आधी बघा.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मी प्लास्टर करायला शिकले, ते शेजारच्या मामांकडून. त्यांची हयात गवंडीकामात गेलेली, आणि बोलणं एकदम रोखठोक. मोरीशेजारची भिंत मी पहिल्यांदा एकटीनं केली. दोन दिवस खपले. मे महिना, पारा ४३ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी मामा आले आणि थापीच्या मुठीनं भिंत ठोकत गेले. खाली टणटण, वर खिडकीपाशी भद्द. "इथं सुटलंय. ठेवलीस तर पावसाळ्यात अंगावर येईल," म्हणाले आणि तिथंच छिन्नी घातली. परातीएवढा पापुद्रा माझ्या पायाशी पडला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

त्यांनी पापुद्रा उलटा करून दाखवला. मागं जुन्या चुन्याची धूळ पिठासारखी चिकटलेली. "भिंत घासली नाहीस, भिजवली नाहीस. तहानलेल्या भिंतीनं तुझ्या मालातलं पाणी पिऊन टाकलं. सिमेंट धरणार कशाच्या जोरावर?"

तेव्हापासून मी भिंत तारेच्या ब्रशनं खरवडते, आदल्या संध्याकाळी भिजवते. सिमेंटच्या एका घमेल्याला चार घमेली चाळलेली वाळू, आणि पाणी घातल्यावर तासाभरात संपेल एवढाच माल. नंतर किमान ७ दिवस भिंत ओली ठेवायची, उन्हाच्या बाजूला ओलं बारदान लावून. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी टाकी आणि पिंपं भरून घेते, मगच काम काढते.

एकदा मात्र मामा म्हणाले, "तुझ्या हाताला वळणच नाही." ते लागलं. चार दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. मग जाऊन सरळ विचारलं, "मामा, वळण नाही म्हणजे हात नेमका कुठं चुकतो?" त्यांनी माझं मनगट धरलं. मी थापी सपाट दाबत होते, त्यामुळे माल थापीलाच चिकटून निघत होता. ज्या दिशेला ओढायची त्या बाजूची कड जराशी उचलायची, की माल भिंतीवर बसतो. मामांना हे हातानं दाखवता येत होतं, शब्दांत सांगता येत नव्हतं. जुन्या कारागिरांचं बऱ्याचदा असंच असतं, असं मला वाटतं. पण विचारूनही जो "तुला जमणारच नाही" एवढंच ऐकवतो, त्याच्याकडे शिकायला जाऊ नका.

तुमची भिंत आठवड्याची झाली असेल तर थापीच्या मुठीनं वीतभर अंतरावर वाजवत जा. पोकळ वाजेल तिथं खडूनं खूण करा आणि सासऱ्यांना विचारा, एवढंच काढलं तर चालेल का. माझा खिडकीपाशचाच तुकडा काढावा लागला होता. खालचं प्लास्टर अजून जागेवर आहे.