हार्ड डिस्क उघडते, पण लिहू देत नाही

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची बाहेरची हार्ड डिस्क उबुंटूत उघडते, पण फाइल टाकायला गेलं की 'रीड-ओन्ली' असं सांगते. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क देणारी कमांड) चालवूनही फरक पडला नाही.

उत्तर : पडणारही नाही. एनटीएफएस डिस्कवरचे लिनक्सचे हक्क सहसा माउंट करतानाच, म्हणजे डिस्क वापरासाठी जोडून घेतानाच ठरतात, सीएचमॉडने नाही. खरा संशयित विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप'. तो चालू असला की 'शट डाउन' म्हणजे अर्धवट झोप. डिस्कवर अपुऱ्या कामाची खूण राहते आणि लिनक्स धोका नको म्हणून फक्त वाचू देतं.

विंडोज सुरू करून कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय बंद करा. डिस्क जोडून 'चेकडिस्क' ही तपासणीची कमांड एफ पर्यायासह चालवा, 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. लिनक्समधलं 'एनटीएफएसफिक्स' डी पर्यायासह ती खूण पुसतं, पण बिघाड शोधत बसत नाही. विंडोज हाताशी असताना एनटीएफएसफिक्सच्या वाटेला जाऊ नका.

लिहू न देणारा पेनड्राइव्ह ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटचा असेल तर गोष्ट वेगळी. नव्याने फॉरमॅट केल्यावर मुख्य फोल्डर बहुधा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या मालकीचं असतं. मीडिया फोल्डरात तुमच्या नावाखाली तो माउंट झालेला दिसेल. त्यावर सुडोसह (म्हणजे रूटच्या अधिकाराने) एकदाच 'चाउन' ही मालकी बदलणारी कमांड चालवून मालकी स्वतःकडे घ्या.