रिसीव्हर चालू, आवाज गायब

होम थिएटर रिसीव्हरचा (टीव्ही, प्लेअरचा आवाज घेऊन स्पीकरना देणाऱ्या सेटचा) आवाज गेल्याची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. सारख्या तक्रारी एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रिसीव्हर चालू होतो, डिस्प्ले नेहमीसारखा दिसतो, टीव्हीवर चित्रही येतं, पण एकाही स्पीकरमधून आवाज नाही. आम्ही काहीच बदललेलं नाही. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : सगळ्या केबली उपसून पुन्हा जोडण्याचा मोह आधी आवरा. त्यात मूळ दोष सापडत नाही आणि एखादा नवा मात्र तयार होतो. पहिल्यांदा एवढंच ठरवा : बिघाड रिसीव्हरमध्ये सिग्नल येण्याच्या बाजूला आहे की स्पीकरकडे जाण्याच्या? त्यासाठी रिसीव्हरमधला एफएम ट्यूनर लावा. तो आतच असल्यामुळे त्याला ना टीव्ही लागतो, ना एचडीएमआय. अँटेना नसेल तर दोन स्टेशनांमधली खरखरही पुरते. मात्र ऑटो ट्यूनिंगवर बरेच सेट ही खरखर दाबून टाकतात, म्हणून मॅन्युअल ट्यूनिंगवर ठेवा. ट्यूनर नसेल तर स्पीकर सेटअपच्या मेनूतला टेस्ट टोन वाजवून पाहा.

ट्यूनर वाजला, तर अँप्लिफायर, वायरी आणि स्पीकर ठीक आहेत. मग दोष इनपुटमध्ये किंवा सेटिंगमध्ये. इनपुट असाइनच्या मेनूत जाऊन त्या इनपुटच्या नावाला कोणता सॉकेट जोडला आहे ते पाहा. चित्र एचडीएमआयवरून आणि आवाज ऑप्टिकलवरून, अशी जोडणी मेनूत राहून गेलेली असते आणि ऑप्टिकलमध्ये तर केबलच नसते. त्याच ठिकाणी ऑडिओ मोड ऑटो, डिजिटल की अॅनालॉग तेही बघा, ऑटोवर ठेवा. आणखी एक सेटिंग फसवं आहे : एचडीएमआयचा आवाज ‘अँप’वर सोडायचा की ‘टीव्ही’वर. ते ‘टीव्ही’वर गेलं की एचडीएमआयचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून येतो आणि रिसीव्हर मुका राहतो. रिमोटवरचं एखादं बटण दाबलं गेल्यानेही हे घडतं.

सेटिंग बरोबर असूनही आवाज नसेल, तर एचडीएमआयच्या दोन टोकांचा आपसातला करार फिसकटलेला असू शकतो. जोडणी होताना उपकरणं एकमेकांना कोणते फॉरमॅट झेपतात ते सांगतात आणि कॉपी-संरक्षणाची खूण जुळवतात. हे अर्धवट राहिलं की चित्र येऊनही आवाज अडतो. रिमोटने बंद करून भागत नाही, कारण स्टँडबायमध्ये हा भाग बऱ्याचदा जागाच असतो. टीव्ही, रिसीव्हर आणि प्लेअर तिघांचेही प्लग भिंतीतून काढा, पाचेक मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर या क्रमाने चालू करा.

आता उलट बाजू. ट्यूनरही मुका असेल तर एचडीएमआयच्या नादी लागूच नका. म्यूट, झोन-२ (दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरसाठीचं) आणि स्पीकर ए/बी (स्पीकरच्या दोन संचांचं) ही बटणं तपासा. ए आणि बी दोन्ही बंद असले की सगळं दिसतं, वाजत काहीच नाही. हेडफोनच्या सॉकेटमध्ये एक छोटा स्विच असतो. हेडफोन लावला की तो स्पीकर बंद करतो, आणि धूळ किंवा गंज बसला की हेडफोन काढल्यावरही तसाच अडकून राहतो. रिकामी पिन पंधरा-वीस वेळा आतबाहेर केली की बहुधा सुटतो. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवर टेप मॉनिटरचं (आवाज टेपडेककडून घेणारं) बटण आत दाबलेलं राहिलं तरी तोच परिणाम. आणि मागे प्री-आउट आणि मेन-इन (अँप्लिफायरच्या पहिल्या भागाचं आउटपुट आणि दुसऱ्या भागाचं इनपुट) यांना जोडणारे यू आकाराचे धातूचे जंपर असतील, तर ते जागेवर आहेत का, काळे पडलेत का तेही पाहा. साफसफाईत ते निघून पडतात आणि लोक फालतू तुकडा म्हणून टाकून देतात.

हे सगळं नीट असेल तर सेट चालू करताना कान द्या. साधारण ३ ते ८ सेकंदांत आतून रिलेचा, म्हणजे अँप्लिफायरला स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा, ‘कट्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर खालचा प्रोटेक्टचा (सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो त्याचा) प्रश्न वाचा. तो येतो, पण ट्यूनर आणि टेस्ट टोन दोन्ही मुके आहेत, तर संशय डिजिटल बोर्डावर जातो. अॅनालॉग इनपुटला एखादा प्लेअर लावून प्युअर डायरेक्ट मोडवर वाजवा. बऱ्याच सेटमध्ये हा मोड डिजिटल प्रोसेसरला वळसा घालतो. फक्त इथेच आवाज आला तर अँप्लिफायर शाबूत आहे आणि बोर्ड गेला आहे. दुरुस्तीचा अंदाज घेताना हे आधीच सांगा, म्हणजे नको ते पार्ट बदलले जाणार नाहीत.

प्रश्न : रिसीव्हरला जोडलेला ब्लू-रे प्लेअर छान वाजतो. टीव्हीतल्या अॅपचा आवाज मात्र रिसीव्हरवर येत नाही.

उत्तर : इथे आवाज उलट दिशेने, म्हणजे टीव्हीकडून रिसीव्हरकडे यायचा आहे. त्याचं नाव एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनल). टीव्हीचा एआरसी लिहिलेला सॉकेट आणि रिसीव्हरचा एचडीएमआय ‘आउट’, हीच जोडी चालते. टीव्हीवर असा सॉकेट बहुतेक वेळा एकच असतो. रिसीव्हरवर दोन आउट असतील तर मुख्य आउट घ्या.

मग तीन सेटिंग : टीव्हीवर सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते), रिसीव्हरवर सीईसी आणि एआरसी चालू, आणि टीव्हीचा साउंड आउटपुट ‘रिसीव्हर’वर. साध्या एआरसीला सीईसी लागतंच. टीव्हीने काल-परवा सॉफ्टवेअर अपडेट घेतलं असेल तर यांतलं एखादं सेटिंग मूळ जागी गेलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यानंतरही शांतता असेल तर टीव्हीचा डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न आवळलेल्या डिजिटल आवाजावर) टाका. लगेच आवाज आला तर केबल आणि जोडणी ठीक, प्रश्न फॉरमॅटचा आहे.

प्रश्न : टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल आहे. काही सिनेमांना आवाज येतो, काहींना अजिबात नाही. केबल बदलून पाहिली.

उत्तर : केबल निर्दोष आहे. ऑप्टिकलमधून दोन चॅनलचा पीसीएम, डॉल्बी डिजिटल आणि साधा डीटीएस एवढंच जातं. स्ट्रीमिंगवर चालणारा डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून जात नाही, ट्रूएचडी तर नाहीच. टीव्हीने तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून द्यायला हवा. ‘पास-थ्रू’ (आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणं) ठेवलंत तर ते होत नाही. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ निवडा. पेन ड्राइव्हवरच्या फाइलीच मुक्या असतील तर त्यांचा ट्रॅक डीटीएस असेल. अनेक टीव्ही डीटीएस उलगडतही नाहीत आणि पुढे पाठवतही नाहीत. पीसीएमवर टाकलं तर जवळपास सगळ्याला आवाज येतो, पण ऑप्टिकलवर तो फक्त दोन चॅनलचा, ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफरचा) सराउंड विसरा.

प्रश्न : चालू केल्यावर काही सेकंदांत ‘प्रोटेक्ट’ अशी अक्षरं येतात आणि सेट बंद पडतो. लाल दिवा लुकलुकतो. आतून कट् असा आवाज येत नाही.

उत्तर : पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल तर प्रत्येक प्रयत्नात आणखी एखादा पार्ट जळू शकतो.

प्लग काढा. रिसीव्हरच्या मागच्या सगळ्या स्पीकर वायरी, प्लस आणि मायनस दोन्ही, मोकळ्या करा. व्हॉल्यूम खाली ठेवून एकदाच चालू करा. सेट टिकला आणि रिले वाजला, तर दोष बाहेर आहे. बहुतेक वेळा वायरीची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकलेली असते. वायर साधारण १० मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा आणि उघडी तांब्याची तार टर्मिनलच्या बाहेर दिसणार नाही अशी बसवा.

तरी खात्री म्हणून प्रत्येक वायरीची रिसीव्हरच्या बाजूची प्लस-मायनस टोकं, पलीकडच्या टोकाला स्पीकर जोडलेला असताना, मल्टिमीटरवर २०० ओहमच्या रेंजमध्ये मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.८. आकडा लिहिलेल्यापेक्षा कमी येतो म्हणून घाबरू नका. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या विजेवर मोजतो; लिहिलेला आकडा बदलत्या सिग्नलसाठी असतो. शून्याच्या जवळ आकडा आला तर वायर किंवा स्पीकर शॉर्ट आहे. मीटरने काहीच मोजलं नाही तर कुठेतरी तुटलं आहे. एका चॅनलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले असतील तर भार २ ओहमवर येतो आणि मोठ्या आवाजाला प्रोटेक्ट होणारच.

वायरी मोकळ्या असूनही प्रोटेक्ट आलं तर बिघाड आतला. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहू शकतं. दुरुस्तीला देताना मात्र एक गोष्ट विचारून घ्या : आउटपुट ट्रान्झिस्टरबरोबर ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर तपासणार का? नुसती आउटपुटची जोडी बदलली तर ती पुन्हा उडते. नंतर सेट आधी सिरीज बल्बवर (वीज मर्यादित ठेवणाऱ्या मालिकेतल्या बल्बवर) चालू करावा, स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी मोजावा आणि बायस (ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही वाहणारा थोडा प्रवाह) लावावा. हा डीसी पन्नासेक मिलिव्होल्टच्या आत हवा. थेट तुमचे स्पीकर जोडून चाचणी घेणाऱ्याकडे सेट देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अर्ध्या-पाऊण तासाने प्रोटेक्ट येत असेल तर ते उष्णतेमुळे. बंद कपाटातून बाहेर काढा, वर निदान १० सेंटिमीटर जागा सोडा आणि त्यावर दुसरं उपकरण ठेवू नका.

प्रश्न : कमी आवाजावर डावा स्पीकर बंद पडतो. व्हॉल्यूम वाढवला की खाडकन परत येतो.

उत्तर : स्पीकर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले आहेत. मोठा सिग्नल तो थर भेदून जातो, लहान जात नाही. खात्रीसाठी सेट बंद करून डाव्या-उजव्या वायरी रिसीव्हरच्या बाजूला अदलाबदल करा. आता उजवा स्पीकर रुसू लागला तर दोष रिसीव्हरमध्ये. डावाच रुसला तर वायर किंवा स्पीकर. रिले बदलणं हाच टिकाऊ इलाज. पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासले तर वरचा मुलामा जातो आणि त्रास पुन्हा सुरू होतो. नवा रिले घेताना कॉइलचं व्होल्टेज, कॉन्टॅक्टची क्षमता आणि पायांची मांडणी जुन्यासारखीच हवी. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर होत असेल तर तो वेगळा आजार. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो.

प्रश्न : पार्श्वसंगीत ऐकू येतं, संवाद येत नाहीत.

उत्तर : सेंटर स्पीकर मुका आहे. टेस्ट टोन लावून त्याची वायर तपासा. सेंटर स्पीकर नसेलच, तर मेनूत ‘नाही’ असं नोंदवा, म्हणजे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतील. बातम्या आणि जुनी गाणी यांच्या वेळी मागचे स्पीकर गप्प असतील तर तो बिघाड नाही. तो आवाजच दोन चॅनलचा असतो.

प्रश्न : मधूनच एक-दोन सेकंद आवाज जातो आणि आपोआप परत येतो.

उत्तर : त्याच वेळी चित्रही काळं होत असेल तर एचडीएमआय केबल पुरी पडत नाही. लांब साध्या केबलवर फोर-के चित्रासोबत हे होतं. टीव्हीच्या इनपुटचा ‘एन्हान्स्ड’ मोड तात्पुरता बंद करा. त्रास थांबला तर केबल बदला. चित्र स्थिर राहून फक्त आवाज जात असेल, तर जाहिरात आणि कार्यक्रम यांचे फॉरमॅट वेगळे असल्यामुळे रिसीव्हर दर वेळी नव्याने जुळवून घेतो. पाठवणाऱ्या उपकरणाचा आउटपुट पीसीएम केला की हे थांबतं.

प्रश्न : फॅक्टरी रीसेट करून टाकला तर?

उत्तर : शेवटी करा, सुरुवातीला नको. त्याने इनपुट असाइन, स्पीकरची अंतरं, लेव्हल, क्रॉसओव्हर सगळं पुसलं जातं. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बटणांची जोडी मॉडेलप्रमाणे बदलते, ती मॅन्युअलमधूनच घ्या. रीसेटनंतर आधी एकच उपकरण आणि पुढचे दोनच स्पीकर जोडून ऐका. आवाज आला तर बाकीचं एकेक जोडत जा आणि मग मायक्रोफोन लावून ऑटो कॅलिब्रेशन नव्याने करा.