मावशीला विचारा : फ्रिजवरची चिठ्ठी

प्रश्न : मावशी, सलाम. आमच्या मंडळीत 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर परडीतून बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी काढतात. गेल्या वेळी मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 आलं. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. मी ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. मार्चमध्ये आई गेली, ऑगस्टमध्ये नोकरी सुटली. चिठ्ठी अजून तिथेच आहे, काढायचा धीर होत नाही. उपासनेला जाते, पण नुसते ओठ हलतात. घरचे म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. यंदा परडीपुढे जावंसंच वाटत नाही. नव्या वर्षात माझं मन पुन्हा देवाकडे कसं वळेल?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : पोरी, सलाम. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि घरचे तुझ्या विश्वासाची मापं काढतात? त्यांना सांग, मावशीने गप्प बसायला सांगितलंय.

आता चिठ्ठीबद्दल. असल्या चिठ्ठ्या मी स्वतः कापल्या आहेत, रंगीत कार्डपेपरच्या, पुष्कळ वर्षं. वचनं निवडायची ती सगळी गोड. एकदा मी दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं एक घातलं, तर कमिटीतले एक भाऊ म्हणाले, "बाई, सणासुदीला हे कशाला?" काढावं लागलं. तेव्हा तुझ्या हाती आलं ते भविष्य नव्हे, आमच्या कात्रीतून वाचलेला तुकडा.

तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाच. ते पत्र आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला लिहिलेलं, कैद करून नेलेल्या लोकांना. त्याच सुमारास यरुशलेमेत हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया लिहितो, 70 वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. 70 वर्षं दहाव्या वचनात येतात आणि लगेच अकरावं, तुझं. म्हणजे ते हिताचे संकल्प ज्यांचं सगळं हिरावलं होतं त्यांनाच कळवले होते. तुझी आई गेली म्हणून ते खोटं ठरलं नाही. पण पुढचं वर्ष सुखाचं जाईल, असं ते कधी म्हणतही नव्हतं.

वचनाच्या चिठ्ठ्या काढायची चाल मोरावियन या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींत जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात त्यांचा पुढारी झिंझेनडॉर्फ याने 1728 साली रोज एक वचन द्यायला सुरुवात केली. 1731पासून ती वर्षाच्या पुस्तकात छापून येतात, आजही. त्यांच्याकडे वर्षाला एक नव्हे, दिवसाला एक. आणि आधी ते कोणीतरी दारोदार जाऊन सांगायचं. वर्षाखेरीची जागरणाची उपासनाही त्यांच्याकडचीच. पुढे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ती घेतली, तेव्हा तो ती महिन्यातून एकदा ठेवायचा, पौर्णिमेच्या सुमाराला, लोकांना चांदण्यात घरी परतता यावं म्हणून. हे मला भारी आवडतं. आपल्याकडे परडी आली, दारात येणारं माणूस मात्र राहिलं.

माझे साहेब वारले तेव्हा चार महिने मला प्रार्थना येत नव्हती. मी संडेस्कूलची बाई, पोरांना शिकवायची आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची. मंडळीतली एक म्हातारी दर मंगळवारी यायची. भाकरी आणायची, एक स्तोत्र मोठ्याने वाचायची, चहा घ्यायची, जायची. विचारपूस नाही, उपदेश नाही. एका मंगळवारी तिने 88वं वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं. देवाच्या पुस्तकात असं काही चालतं हे मला माहीत असूनही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. विश्वास ताजा वगैरे झाला नाही लगेच. पुढच्या रविवारी देवळात एका गायनाचं दुसरं कडवं माझ्या तोंडून निघालं, इतकंच.

म्हणून 31 तारखेला जा, मागच्या बाकावर बस. ओठ हलले तरी चालेल; बाकीचे गातात ना, त्यांना तुझ्या वाटचं गाऊ दे. परडी आली तर पुढे सरकव. आणि वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र वाचीन असा नवस मात्र करू नकोस, अर्धी मंडळी फेब्रुवारीत लेवीयाच्या नियमांच्या पुस्तकात अडकून पडते. आईला ज्या वेळी फोन करायचीस, त्या वेळी एक स्तोत्र मोठ्याने वाच. रडणारं निघालं तरी वाच.

आणि एक विचारते. नोकरी सुटल्याचं मंडळीत कोणाला सांगितलंस का? पत्रात तसं दिसलं नाही. पाळकसाहेबांना सांग, महिला मंडळात सांग. तुझ्या दारात यायला हवं हे त्यांना कळणार कसं?

फ्रिजवरची चिठ्ठी काढ, फाडू नकोस. मागची बाजू कोरी असेल. तिच्यावर तुझ्या हाताने त्याच अध्यायातलं पाचवं वचन लिही, घरं आणि मळ्यांचं. जागा उरली तर दहावंही. आणि ती बाजू वर करून लाव.