इस्तंबूल : दोन दिवसांत तीन साम्राज्ये कशी पाहावीत?

इस्तंबूलसाठी दोनच दिवस हाताशी असताना रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) आणि ऑटोमन (तुर्की) वास्तू वेगवेगळ्या कशा पाहाव्यात, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की त्या वेगळ्या काढूच नयेत, कारण इथे प्रत्येक राजवटीने आधीच्यांचेच दगड, खांब आणि जागा वापरून आपले शहर उभे केले.

सुरुवात सुलतानअहमद चौकातून करावी. रोमन काळी इथे रथांच्या शर्यती होत. इजिप्तचा फॅरो तिसरा थुटमोस याचा स्तंभ सम्राट पहिल्या थिओडोशियसने इ. स. 390 मध्ये इथे उभारला. त्याचे संगमरवरी जोते चारही बाजूंनी निरखावे. शर्यती पाहणारा सम्राट त्यावर कोरलेला आहे. शेजारचा कांस्य सर्पस्तंभ ग्रीकांनी इराणी सैन्यावर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ ग्रीसमधील डेल्फी या देवस्थानाला अर्पण केला होता. तो तिथून उचलून आणला गेला.

आयासोफियाला मात्र घाई करू नये. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने 532 ते 537 या अवघ्या पाच वर्षांत हे चर्च बांधून घेतले. 1453 मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने शहर जिंकल्यावर त्याची मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद. चर्चचा अक्ष मक्केच्या दिशेशी जुळत नसल्यामुळे मेहराब (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतील कोनाडा) मध्यरेषेपासून किंचित उजवीकडे सरकवलेला आहे. तेवढ्या एका तिरकेपणात दोन धर्मांचा आणि दोन साम्राज्यांचा इतिहास मला सर्वाधिक जिवंत वाटतो. वरच्या सज्जातील ख्रिस्ताचे मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, चुकवू नये. परदेशी पर्यटकांना या सज्जासाठी तिकीट लागते, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी प्रवेश बंद असतो, हे ध्यानात ठेवावे.

जवळच येरेबातान ही जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. तिच्या 336 खांबांपैकी बरेचसे जुन्या इमारतींतून आणलेले आहेत. दोन खांबांखाली तर ग्रीक पुराणकथेतील सर्पकेशी मेदुसाची शिरे, एक आडवे आणि एक उलटे, सरळ पायाचे दगड म्हणून बसवली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनान या वास्तुविशारदाची सुलेमानिये मशीद (1550–1557) पाहावी. आयासोफियाच्या घुमटाला ऑटोमनांनी दिलेले ते उत्तर आहे, म्हणून ती आयासोफियानंतरच पाहणे योग्य. दुपारी एदिर्नेकापी या भागात जाऊन शहराची पाचव्या शतकातील तटबंदी पाहावी. पूर्वी चर्च असलेल्या कारिये मशिदीतील चौदाव्या शतकातील मोझेक तिथून चालत जाण्याइतके जवळ आहेत. ऑटोमन सुलतानांचा तोपकापी राजवाडाही पाहण्याचा बेत असेल आणि वेळ अपुरा पडू लागला, तर तो गाळावा, कारिये नव्हे.