मुलीच्या बाबाला, सुरुवातीपुरतं

मुलगी झाली, मनापासून अभिनंदन भाऊ! "इतक्या लहान बाळाला बापाचा काय उपयोग" असं विचारलंयस. खूप आहे, आणि आत्तापासूनच आहे.

वहिनी माहेरी अक्कलकोटला आहेत म्हणून तीन महिने लांब राहू नकोस, ही पहिली चूक बहुतेक जण करतात. सोलापूरहून अक्कलकोट काही दूर नाही. जाशील तेव्हा तिला उघड्या छातीशी धर. ऊब आणि आवाज यांनीच ती तुला ओळखायला लागेल. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींना तूच घेऊन जा.

बोलत राहा. ती 'अं' म्हणाली की थांब, तिच्याकडे बघ, मग उत्तर दे. भाषा अशीच रुजते. पुढे सोलापुरातल्या कंबर तलावावर नेशील तेव्हा बगळा, पाणी, झाड, सगळं नाव घेऊन दाखव.

हे टाळ:
- मांडीवर बाळ आणि हातात मोबाईल
- रडली की लगेच आईकडे देणं
- "मुलगी आहे, पडेल" म्हणून चढू न देणं
- तिच्या रंगावरून कुणी बोललं तर गप्प बसणं. नातेवाईक असले तरी तिथल्या तिथे थांबव.

तू तिच्या आईशी कसा बोलतोस, हे ती रोज ऐकणार आहे. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

शाळा, वयात येणं वगैरे नंतर बोलू. या शनिवारी रात्री बाळाला सांभाळायची पाळी तू घे.